मोठे टायर आणि पन्नास मिलिमीटरची उंची : पिकअपवरील सस्पेन्शन लिफ्टचे परीक्षण

माझ्या पिकअपचे सस्पेन्शन दोन वर्षांत दोनदा बदलले. पहिल्या वेळी पुढे स्पेसर आणि मागे लोखंडी ठोकळे घालून गाडी उंच केली. दुसऱ्या वेळी पुढच्या स्प्रिंग, चारही शॉक अब्सॉर्बर, पुढचे वरचे कंट्रोल आर्म (चाकाला चासीशी जोडणारे हलते दांडे) आणि मागचे पाटे असा संपूर्ण संच बसवला. टायर दोन्ही वेळा तेच होते. एकाच गाडीवर, एकाच मापाच्या टायरांसह दोन वेगळ्या पद्धती वापरून पाहण्याची संधी अशी मिळाली, आणि हे परीक्षण त्याच तुलनेवर आधारलेले आहे. गाडी चार दारांची, डिझेलवर चालणारी, फोर व्हील ड्राइव्हची आहे. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे सलग एक्सलखाली पाटे, म्हणजे मध्यम आकाराच्या पिकअपमध्ये सर्रास आढळणारी रचना. ज्यांच्या गाडीची रचना अशीच आहे, त्यांना पुढचा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा लागू पडेल.

हा खटाटोप सुरू होण्याचे कारण दिसण्याशी संबंधित नव्हते. माझा नेहमीचा कच्चा रस्ता अवजड वाहनांनी खोल चाकोऱ्या पाडलेला आहे आणि दोन चाकोऱ्यांच्या मध्ये दगडांचा उंचवटा राहतो. मागच्या एक्सलच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचा, गोळा त्या दगडांना घासत असे. मी जिथे जिथे विचारले तिथे तिथे ‘लिफ्ट करून घ्या’ हेच उत्तर मिळाले, आणि ते उत्तर अपुरे आहे हे समजायला मला बराच काळ लागला. सस्पेन्शनची उंची वाढवली की चासी, केबिन आणि हौदा वर जातात. मागचा सलग एक्सल मात्र चाकांच्या मध्याशी जखडलेला असल्यामुळे जागच्या जागी राहतो. पाट्यांखाली कितीही ठोकळे घातले तरी डिफरन्शियल जमिनीपासून एक मिलिमीटरही वर सरकत नाही. त्याला वर उचलणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मोठ्या व्यासाचा टायर. आणि तोही व्यासात जेवढा वाढेल त्याच्या निम्माच उचलतो, कारण व्यासाचा उरलेला अर्धा भाग एक्सलच्या वर जातो. म्हणून टायर हे साध्य आहे आणि लिफ्ट हे त्या टायरला जागा करून देण्याचे साधन आहे. हा क्रम उलटा धरला की पुढची बहुतेक कामे चुकत जातात, आणि माझ्या पहिल्या प्रयत्नात नेमके तेच झाले.

आकडे मांडले की गोष्ट लगेच स्पष्ट होते. गाडीसोबत आलेला टायर २६५/६५ आर १७ या मापाचा होता. रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे सुमारे १७२ मिलिमीटर, आणि मध्ये १७ इंची रिम, म्हणजे ४३२ मिलिमीटर. एकूण व्यास साधारण ७७६ मिलिमीटर. मी निवडलेल्या २८५/७० आर १७ या मापाचा व्यास याच हिशेबाने ८३१ मिलिमीटर भरतो. फरक ५५ मिलिमीटरचा, म्हणजे डिफरन्शियल २७ मिलिमीटर वर. या दोहोंच्या मधले माप २६५/७० आर १७ असून त्याचा व्यास ८०३ मिलिमीटर आहे आणि त्याने एक्सल सुमारे १३ मिलिमीटर वर येतो. हे सर्व आकडे बाजूच्या भिंतीवर छापलेल्या मापावरून काढलेले आहेत. वजन पडल्यावर टायर थोडा दबतो आणि प्रत्येक कंपनीचा टायर काही मिलिमीटर इकडेतिकडे असतो, त्यामुळे खरेदीपूर्वी कंपनीच्या तपशीलपत्रकातील प्रत्यक्ष व्यास पाहणे आवश्यक आहे.

रिम मी मूळचीच ठेवली. ती साडेसात इंच रुंद आहे आणि २८५/७० या मापाला चालणारी ती सर्वांत अरुंद रिम आहे, म्हणजे निवड नियमात बसते, पण कडेवर. रुंद आणि बाहेर झुकलेली रिम घेण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला होता. तो न मानल्याचे समाधान वाटते, कारण रिमचा ऑफसेट (रिम हबला टेकते त्या जागेचे रिमच्या मधल्या रेषेपासूनचे अंतर) कमी करून चाक बाहेर काढले की स्टिअरिंग वळवताना टायरची कड अधिक मोठ्या वर्तुळात फिरते आणि जी जागा वाचवायची तीच आधी खाऊन टाकते. शिवाय चाकाचा मध्य बाहेर गेल्यामुळे हबच्या बेअरिंगवर आणि बॉल जॉइंटवर ताण वाढतो तो वेगळाच. मूळ रिमवर २० मिलिमीटर अधिक रुंद टायर बसवला की दोन्ही बाजूंना १० मिलिमीटर जागा कमी होते. आतल्या बाजूला वरच्या कंट्रोल आर्मपासून टायर किती अंतरावर राहतो एवढे मात्र आधी मोजावे लागते. माझ्या गाडीत एक बोट जाईल इतकी फट उरली आणि ती पुरेशी ठरली.

आता पहिल्या प्रयत्नाविषयी. ज्या गॅरेजमध्ये मी ते काम करून घेतले त्याचे नाव येथे देत नाही, कारण त्यांनी सांगितलेले काम त्यांनी केले. दोष पद्धतीतच होता. पुढच्या स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर यांच्या एकत्र जोडणीच्या, डोक्यावर धातूची जाड चकती (स्पेसर) बसवण्यात आली. स्ट्रट खालच्या कंट्रोल आर्मच्या साधारण मधोमध टेकलेला असल्यामुळे चकतीच्या जाडीच्या जवळजवळ दुप्पट उंची चाकापाशी मिळते, आणि त्यामुळेच ही पद्धत एवढी सोपी व लोकप्रिय आहे. तिचा तोटा चालवताना कळतो. संपूर्ण स्ट्रट खाली ढकलला गेल्यामुळे चाक लोंबकळते तेव्हा कंट्रोल आर्म मूळ रचनेत ठरलेल्या मर्यादेपेक्षा खाली जातो, बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरक्या कोनात कामाला लागतात. आणि चाक वर दाबले जाते तेव्हा चाकाची वरची मर्यादा ठरवणारा चासीवरचा रबरी बंप स्टॉप टेकण्याआधीच शॉक अब्सॉर्बरचा दांडा तळाला जाण्याचा धोका निर्माण होतो. स्प्रिंग तीच, शॉक तोच, त्यावर भर म्हणून जड टायर. सहा महिन्यांत एका ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या सांध्याच्या रबरी बुटातून ग्रीस बाहेर पडू लागले आणि रिमच्या आतल्या बाजूवर त्याचे फवारे दिसू लागले.

मागची कथा याहून वेगळी नव्हती. पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये ५० मिलिमीटरचे ठोकळे घातले होते. ठोकळा ही गोष्ट मुळात वाईट आहे असे मी म्हणणार नाही. काही गाड्या कारखान्यातूनच ठोकळ्यांसह येतात. परंतु ठोकळ्यामुळे एक्सल पाट्यांपासून दूर जातो आणि गाडी जोरात ओढताना एक्सलची पिळण्याची ताकद पाट्यांवर अधिक लांब तरफेने काम करते. पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वळतात, मग सुटतात, पुन्हा वळतात. चढावर भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये सोडताना मागून येणारी ती थरथर मला अजून आठवते. मोठ्या टायरमुळे ही तरफ आणखी लांबते, याचा विचार ठोकळे सुचवणाऱ्या कोणी केला नव्हता, आणि मीही केला नव्हता.

दुसऱ्या वेळी मी आधी टायरसाठी किती जागा हवी ते ठरवले आणि मग उंची निवडली. हे ज्या कार्यशाळेत केले तेथील कामाची पद्धत मला फार आवडली, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. गाडी आत घेतल्यावर त्यांनी प्रथम चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचे उभे अंतर मोजून लिहून ठेवले. जमिनीपासून मोजलेली उंची टायर आणि हवेप्रमाणे बदलते. हबपासून मोजलेले अंतर फक्त सस्पेन्शनचे असते. त्यानंतर पुढच्या एका बाजूचा स्ट्रट उतरवला, त्यातली स्प्रिंग काढली, रिकामा स्ट्रट परत लावला आणि नवीन टायर बसवून खालच्या आर्मखाली जॅक लावून चाक बंप स्टॉपला टेकेपर्यंत वर नेले. त्या स्थितीत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले. टायर कुठे लागतो हे त्या पाच मिनिटांत जेवढे कळले तेवढे पहिल्या सहा महिन्यांत घासण्याचे आवाज ऐकूनही कळले नव्हते.

या चाचणीतून जे दिसले ते या संपूर्ण विषयाचे मर्म आहे असे मला वाटते. लिफ्टमुळे उभ्या गाडीत टायर आणि मडगार्ड यांच्यातले अंतर वाढते, परंतु खड्ड्यात चाक पूर्ण वर दाबले गेले की ते अंतर पुन्हा नाहीसे होते, कारण चाक किती वर जाऊ शकते हे बंप स्टॉप ठरवतो, स्प्रिंगची उंची नव्हे. म्हणजे उंच केलेल्या गाडीतही टायरला पूर्ण दाबाच्या स्थितीत जागा लागतेच. माझ्या गाडीत तीन ठिकाणी तो लागत होता: पुढच्या बंपरच्या खालच्या कोपऱ्याला, चाकाच्या मागच्या बाजूच्या प्लास्टिकच्या आतल्या आवरणाला आणि केबिन चासीवर जिथे टेकते त्या ब्रॅकेटच्या पत्र्याच्या कडेला. पहिल्या दोन जागा कापून आणि उष्णतेने वाकवून मोकळ्या झाल्या. तिसरी जागा महत्त्वाची होती. तो पत्रा केबिनचा भार सांभाळणाऱ्या भागाचा आहे, त्यामुळे तो कापून मोकळे होण्याची कल्पना मला मान्य नव्हती. कार्यशाळेने दुसरा मार्ग सुचवला, तो म्हणजे खालच्या कंट्रोल आर्मच्या अलाइनमेंटच्या बोल्टांवर चाक शक्य तितके पुढे आणायचे आणि नवीन वरच्या आर्मने उरलेला कोन साधायचा. चाक काही मिलिमीटर पुढे सरकले आणि पत्र्याची कड न कापता टायर सुटला.

वरचे कंट्रोल आर्म बदलण्याचे कारण तेवढेच नाही. स्वतंत्र सस्पेन्शन उंच केले की वरचा आर्म खाली झुकतो, त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट त्याच्या मर्यादेजवळ काम करू लागतो आणि कॅस्टरचा कोन कमी होतो. कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्या अक्षाचा मागे असलेला कल. त्यामुळेच वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते आणि वेगात गाडी रेषा धरून ठेवते. पहिल्या रचनेत हा कोन दीड अंशापर्यंत घसरला होता आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी सतत दुरुस्त करत चालवावी लागे. मी तो दोष टायरांना देत होतो. नव्या आर्मनंतर दोन्ही बाजूंना साडेतीन अंशांच्या आसपास कोन मिळाला आणि त्याच टायरांवर गाडी शांतपणे सरळ जाऊ लागली. केवळ हा एक फरक पाहूनही मी या आर्मची शिफारस करीन. आर्मच्या सांध्यांत बसणारे लवचिक बुश पॉलियुरेथेनचे न घेता रबराचे घेतले. पॉलियुरेथेन टिकाऊ आहे, पण त्याला वेळोवेळी वंगण लागते आणि ते न दिल्यास ते कुरकुरते.

स्प्रिंगची निवड करताना लोकांकडून सर्वाधिक चुका होतात असे माझे निरीक्षण आहे. एकाच संचात स्प्रिंग वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात, आणि ती ताकद गाडीवर कायम किती वजन असते त्यावरून ठरवायची असते. ज्यांच्या गाडीला पुढे लोखंडी बंपर आणि विंच आहे त्यांच्यासाठीची स्प्रिंग मोकळ्या नाकाच्या गाडीत घातली तर गाडी ठरल्यापेक्षा जास्त उंच उभी राहते, चाकाला खाली जाण्यासाठी जागा उरत नाही आणि प्रत्येक उंचवट्यानंतर शॉक पूर्ण लांबून ‘ठक’ असा आवाज होतो. मी पुढे सर्वांत हलक्या भाराची स्प्रिंग घेतली आणि मागे दोनशे किलो कायम वजन गृहीत धरलेले पाटे. पुढे हबपासून कमानीपर्यंतचे अंतर ५०५ वरून ५५५ मिलिमीटर झाले, मागे ५३५ वरून ५७५. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये पुढची बाजू सात मिलिमीटर बसली. नवीन स्प्रिंगचे हे बसणे अपेक्षितच असते आणि म्हणून अलाइनमेंट त्यानंतर पुन्हा करून घ्यावी लागते. पन्नास मिलिमीटरच्या पुढे जाण्याचा मोह मी टाळला. त्यापुढे ड्राइव्ह शाफ्टचे कोन सांभाळण्यासाठी पुढचा डिफरन्शियल खाली घेणे, ब्रेकच्या नळ्या लांबवणे अशी कामे वाढत जातात आणि टायरला त्यातून काहीच अधिक मिळत नाही.

बसवण्याच्या कामातल्या एका बाबीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. आर्मचे आणि पाट्यांच्या डोळ्यातले बुशचे बोल्ट गाडी हवेत लोंबकळत असताना पूर्ण आवळू नयेत. रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेला असतो; तो फिरत नाही, पिळला जातो. लोंबकळत्या स्थितीत बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर येताच बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो, गाडी वर ताठरते आणि रबर लवकर फाटते. या कार्यशाळेत गाडी चाकांवर उभी करून, मागेपुढे ढकलून, मग टॉर्क पान्याने हे बोल्ट आवळले गेले. मागचे यू-बोल्ट नवीन घातले, जुने परत वापरले नाहीत, आणि पाचशे किलोमीटरनंतर मला बोलावून ते पुन्हा तपासले. त्यांच्या दोन नटांनी थोडा फेरा घेतला. पहिल्या गॅरेजमध्ये कोणीही मला परत यायला सांगितले नव्हते.

ब्रेकचा एक मुद्दा असा आहे की तो माहीत नसल्यास गाडी धोकादायक होते, आणि त्याची चर्चा मला फारच कमी ठिकाणी ऐकायला मिळाली. अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलला जोडलेला एक दांडा चासीवरच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हला हलवतो. हौद्यात माल भरला की चासी खाली येते, दांडा वर ढकलला जातो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला अधिक दाब देतो. हौदा रिकामा असला की दाब कमी करतो, म्हणजे हलकी मागची चाके अडकून घसरत नाहीत. लिफ्टमुळे चासी एक्सलपासून दूर गेली की व्हॉल्व्हची समजूत होते की हौदा नेहमीच रिकामा आहे. मग भरलेल्या गाडीतही मागचे ब्रेक अर्ध्या मनाने लागतात आणि सारे ओझे पुढच्या डिस्कवर पडते. त्या दांड्याचे ब्रॅकेट वाढवलेल्या उंचीइतके सरकवणे हे दहा मिनिटांचे काम आहे. पहिल्या वेळी ते झालेच नव्हते, आणि भार घेऊन उतारावर ब्रेक दाबताना गाडीचे नाक इतके का झुकते याचे उत्तर मला एक वर्षानंतर मिळाले. ज्या गाड्यांमध्ये हे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होते त्यांत असा दांडा नसतो; आपल्या गाडीत कोणती रचना आहे हे खाली वाकून एकदा पाहावे.

हेडलाइटचा झोत खाली घेणे, काचेमागचा कॅमेरा किंवा पुढचे रडार असल्यास ते पुन्हा जुळवून घेणे आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवणे ही कामे छोटी आहेत, पण ती त्याच आठवड्यात करावीत. उंची आणि टायरचे माप किती बदलता येते याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. ते काम सुरू करण्याआधी वाचायचे असतात.

आता टायरांविषयी. ते ऑल टेरेन, म्हणजे कच्च्या आणि पक्क्या दोन्ही रस्त्यांसाठीच्या प्रकारचे, जड बांधणीचे आहेत. भार निर्देशांक १२१, म्हणजे एका टायरला १४५० किलो. मूळ टायरचा निर्देशांक ११२ होता, म्हणजे ११२० किलो. रिमसह नव्हे, नुसता टायर मी वजनकाट्यावर ठेवून पाहिला: जुना १७ किलो, नवा २५ किलो. प्रत्येक कोपऱ्यावर आठ किलो वाढले आणि तेही परिघाजवळ, जिथे वजनाचा परिणाम सर्वाधिक जाणवतो, कारण ते वजन पुढे ढकलावे तर लागतेच, शिवाय फिरवावेही लागते आणि थांबवावेही लागते. मूळ शॉक अब्सॉर्बर हे वजन सांभाळू शकत नव्हते; लागोपाठच्या खड्ड्यांवर चाक टप्पे घेत राहायचे. नव्या शॉकचा व्यास मोठा आहे आणि त्यांनी ही उडी जवळजवळ पूर्ण थांबवली. लहान, तीक्ष्ण धक्के मात्र केबिनमध्ये पूर्वीपेक्षा अधिक येतात. जाड भिंतीच्या टायरचा तो स्वभाव आहे आणि कोणताही शॉक त्यावर पूर्ण उपाय करू शकत नाही.

हवेचे प्रमाण दाराच्या चौकटीवरच्या तक्त्यातून जसेच्या तसे घेता येत नाही, कारण तो तक्ता मूळ मापाच्या आणि मूळ बांधणीच्या टायरसाठी असतो. जड बांधणीच्या टायरला तेवढाच भार पेलण्यासाठी सहसा अधिक दाब लागतो. मी कंपनीच्या भार व दाबाच्या तक्त्यापासून सुरुवात केली आणि नंतर टायरच्या रुंदीवर खडूची आडवी रेघ मारून सरळ रस्त्यावर थोडे अंतर चालवून पाहिले. मधला खडू आधी पुसला गेला तर हवा जास्त, कडेचा आधी गेला तर कमी. रिकाम्या गाडीत पुढे ३६ आणि मागे ३४ पीएसआय माझ्या गाडीला मानवले. कच्च्या रस्त्यावर मी २४ पर्यंत उतरतो आणि परत पक्क्या रस्त्यावर येताच हवा भरतो. माझ्या दृष्टीने दगडांवरच्या सुखद चालीत या हवा कमी करण्याचा वाटा लिफ्टच्या वाट्यापेक्षा मोठा आहे.

व्यास सात टक्क्यांनी वाढल्याचे परिणाम गाडीच्या सगळ्या हिशेबांत उमटतात. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सात टक्के अधिक अंतर जाते, पण मीटरला ते कळत नाही. बदलापूर्वी मीटर १०० दाखवत असताना उपग्रहावरून मोजलेला माझा वेग ९६ भरत असे. आता त्याच १०० ला १०३ भरतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियम क्रमांक ३९ नुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये, म्हणजे हा फरक नुसता तांत्रिक नाही. गाडीच्या संगणकात टायरचे नवे माप भरून मी तो दुरुस्त करून घेतला. तो दुरुस्त होईपर्यंत ॲव्हरेजही फसवे दिसते, कारण चाललेले किलोमीटर कमी नोंदले जातात. योग्य अंतर धरून टाकीवरून काढलेला माझा हिशेब सांगतो की लिटरमागे १२.४ किलोमीटरवरून गाडी ११.२ वर आली. हा तोटा खरा आहे आणि तो कायमचा आहे.

गिअरचेही तसेच. माझ्या एक्सलचे प्रमाण ३.९ आहे, म्हणजे शाफ्टच्या ३.९ फेऱ्यांमागे चाकाचा एक फेरा होतो; सात टक्के मोठ्या टायरमुळे ते ३.६४ असल्यासारखे वागते. रिकाम्या गाडीत हे फारसे जाणवत नाही. भरलेल्या गाडीने चढ चढताना मात्र पूर्वी चौथ्यात जाणारी गाडी आता तिसरा मागते. त्याहून महत्त्वाची गोष्ट उताराची: लो रेंजमध्ये (फोर व्हील ड्राइव्हच्या संथ, जास्त ताकदीच्या गिअरांत) पहिल्या गिअरला गाडी पूर्वीपेक्षा सात टक्के वेगाने घरंगळते आणि इंजिनाचा आवर तेवढाच कमी होतो. तीव्र उतारावर मला आता ब्रेकचा आधार घ्यावा लागतो, जो पूर्वी लागत नसे. दोन्ही डिफरन्शियलमधले दात बदलून ४.१ चे प्रमाण घेतले तर यातले बरेचसे भरून निघेल, पण ते काम मोठे आहे आणि माझ्या वापराला ते आवश्यक वाटले नाही. जे नेहमी ट्रेलर ओढतात त्यांनी मात्र हा खर्च टायरच्या खर्चातच धरावा.

उंच गाडी उलटण्याकडे अधिक झुकते, आणि किती झुकते हे मोजता येते. दोन चाकांमधली रुंदी भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, असे एक साधे प्रमाण अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था गाडी उलटण्याचा धोका ठरवताना वापरते. रुंदी १५४० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर धरला तर ते १.१ येते, गुरुत्वमध्य सत्तर मिलिमीटरने वर गेला की तेच १.० वर उतरते. कागदावर लहान दिसणारा हा आकडा चालवताना लहान नाही. ओळखीच्या वळणांवर मी आता आधीच वेग कमी करतो, आणि हौद्याच्या वरच्या रॅकवर जड सामान ठेवणे पूर्ण बंद केले आहे. लिफ्टमुळे गाडीची भार वाहण्याची अधिकृत क्षमता वाढत नाही हेही येथेच नोंदवतो. नवीन पाटे ताठ आहेत म्हणून अधिक माल भरता येतो असे समजणे चूक आहे, कारण एक्सल, ब्रेक आणि चासी तीच आहेत.

स्टेपनीचा प्रश्न मी शेवटी सोडवला आणि तो आधी सोडवायला हवा होता. हौद्याखालच्या मूळ जागेत नवा टायर जातो, पण फुगवलेला असताना मागच्या क्रॉस मेंबरला इतका चिकटून बसतो की साखळी पूर्ण ओढता येत नाही. काही दिवस जुनीच स्टेपनी तशीच ठेवली होती. एका बाजूला ७७६ आणि दुसऱ्या बाजूला ८३१ मिलिमीटरचे चाक लावून गाडी चालवली तर मागचा डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतो, आणि तशा अवस्थेत फोर व्हील ड्राइव्ह घातल्यास गिअर पेटीपासून शाफ्टपर्यंत सगळीकडे ताण साठतो. म्हणून पाचवा टायरही त्याच मापाचा घेतला आणि तो हौद्यात उभा बांधण्यासाठी स्टँड करून घेतला. हौद्याची तेवढी जागा गेली. गाडीसोबतचा जॅकही आता अपुरा पडतो. चाक जमिनीवरून सुटण्याआधीच तो संपतो, त्यामुळे खाली ठेवायला लाकडाचा जाड, रुंद ठोकळा कायम बरोबर ठेवला आहे. हे घरी सपाट जागेवर एकदा चाक बदलून पाहिल्यामुळे कळले, आणि प्रत्येकाने ही तालीम करावी असा माझा आग्रह आहे.

दुसऱ्या रचनेवर आता बावीस हजार किलोमीटर झाले आहेत. ड्राइव्ह शाफ्टचे बूट कोरडे आहेत, टायरांची झीज चारही चाकांवर सारखी आहे, शॉकपैकी एकातूनही तेल झिरपलेले नाही. तक्रार एकच आहे: सत्तरच्या आसपासच्या वेगाला जमिनीतून हलकी कंप जाणवते. मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या (गिअर पेटीपासून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या लांब दांड्याच्या) मधल्या बेअरिंगचा कोन बदलल्यामुळे ती येते आणि बेअरिंगखाली पातळ पट्टी घालून ती बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. लिफ्ट संचाबरोबर अशी पट्टी द्यायला हवी होती. ती न देणे ही त्या संचातली मला दिसलेली खरी उणीव आहे. सूचनापत्रकातही तिचा उल्लेख नाही.

टायरचे माप निवडणाऱ्यांना माझा सल्ला असा की आधी स्वतःच्या रस्त्यावर गाडी नेमकी कुठे लागते ते खाली वाकून पाहावे. जर बंपर किंवा केबिनची कड लागत असेल, तर चांगले शॉक आणि माफक लिफ्ट पुरेशी आहे, टायर मूळ मापाचे राहू द्यावेत. जर एक्सल थोडासाच घासत असेल, तर २६५/७० या मापाने काम होते. ते माझ्या गाडीच्या कमानीत काहीही न कापता बसते, मीटरमध्ये साडेतीन टक्क्यांचाच फरक पडतो, आणि मूळ स्टेपनीच्या जागेतही मावते, हे मी उसन्या टायरवर पडताळून पाहिले. माझ्या रस्त्यावरच्या दगडांना तेरा मिलिमीटर पुरले नसते. डिफरन्शियलच्या तळाशी जुन्या ओरखड्यांवर मी गेल्या वर्षी रंगाचा हात दिला होता, आणि परवा सर्व्हिसिंगच्या वेळी गाडी वर घेतली तेव्हा तो रंग तसाच होता.